छबूची वैनी

हरणाची लेक बोलायला लागली तेव्हा तिच्या तोंडून पहिला शब्द आला तो 'वैनी'. घरात सगळे खो खो हसले. पण त्यात आक्रीत असं काही नव्हतं. पलूसजवळच्या त्या वाडीत निम्म्या घरांतली पोरं जन्मदात्या आईला वैनी नाहीतर काकी म्हणत आणि आजीला आई म्हणत. खटल्याचं, माणसांनी भरलेलं एकत्र घर असलं की पोर मोठ्यांच्या तोंडचं उचलतं. हरणाचा नवरा मानसिंग पलटणीत, वर्षातून एकदा छुट्टीला येणारा. घरात धाकटा दीर ज्ञानू आणि दोन चुलतदीर. तिघंही हरणाच्या सासूला, बनुबाईंना, आई म्हणायचे आणि दिवसभर 'वैनी, भाकरी वाढ', 'वैनी, माजा सदरा कुठं हाय' करत घर डोक्यावर घ्यायचे. छबूनं तेच उचललं. आजी झाली आई, आणि आई झाली वैनी.

सगळ्यांबरोबर हरणाही हसली. पण मनाला एक चुटपुट लागली ती लागलीच. तिचं माहेर वडूजकडचं, कोरडवाहू रानांचं. ती नऊ वर्षांची असताना धाकट्या बहिणीच्या, रंगूच्या वेळच्या बाळंतपणात आई गेली, आणि तेव्हापासून आई ही हाक तिच्या गळ्यातच राहिली. हाक मारायचं माणूस गेलं, निदान कुणीतरी आपल्याला ती हाक मारावी, एवढंच तिनं लग्नाच्या बोहल्यावर चढताना मनात धरलं होतं. मागणं काही राजवाड्याचं नव्हतं.

एकदा उसाच्या रानात, पाटाच्या कडेला, आसपास कुणी नाही असं बघून तिनं छबूला गुळाचा खडा दाखवला आणि मला आई म्हण म्हणाली. छबूनं गुळाकडं बघत म्हटलंही. पण गूळ विरघळायच्या आत पोर घराकडं पळाली आणि भरल्या अंगणात सांगून मोकळी झाली, की वैनी म्हणती मला आई म्हण. शेजारच्या अंबूबाईला तेवढंच पाहिजे होतं. सासू जिती असताना सुनेला आईपणाची घाई झाली, असं तिनं जोंधळे पाखडत पाखडत साऱ्या आळीला ऐकवलं. बनुबाईंनी दोन दिवस हरणाच्या हातचा चहा घेतला नाही. हरणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर तो विषय तिनं कधी काढला नाही.

मग दुखणं आलं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती आणि छबू चार वर्षांची होती. हरणाच्या अंगावरून जायला लागलं ते थांबेना. आता बाईच्या जातीचं असलं दुखणं सांगायचं कुणाला? नवरा तिकडं पठाणकोटला, दिरांना सांगायची सोय नाही, आणि सासूपुढं तोंड उघडायचं तर आधी लाज आडवी यायची. हरणानं ते लुगड्याच्या घड्यांत लपवलं आणि उसाला पाणी पाजत राहिली. लाजेनं आपल्याकडं जेवढ्या बायका मारल्या तेवढ्या पटकीनं मारल्या नसतील. पाटातच चक्कर येऊन पडली तेव्हा कुठं ज्ञानूनं बैलगाडी जुंपली.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पिशवीच्या तोंडाशी कॅन्सर होता आणि तो आत पसरला होता. किरणांचा शेक दिला, गोळ्या दिल्या, आणि बनुबाईंना व्हरांड्यात बोलावून काय ते सांगितलं. हरणाला कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. बनुबाईंना एसटीत खिडकीची जागा लागायची. तिच्यावरून त्या मामलेदाराशीसुद्धा भांडल्या असत्या. त्या दिवशी येताना त्यांनी खिडकी सुनेला दिली आणि वर तिच्या मांडीवर आपली शाल घातली. हरणा बाहेरची पिवळी पडलेली रानं बघत बसली आणि समजायचं ते समजली.

रंगू आक्काची सेवा करायला वडूजहून आली. एसटीनं, विट्याला गाडी बदलून, एका पिशवीत दोन लुगडी घेऊन. आल्या दिवसापासून तिनं घर हातात घेतलं, हरणाला आंघोळ घालायची, भात मऊ करून भरवायची, आणि छबूची वेणीही घालायची. बघायला आलेल्या अंबूबाईनं तिचं कौतुक करत, समोर कोण निजलंय याचा विचार न करता म्हणून टाकलं, माय मरो आणि मावशी जगो म्हणत्यात ते काय खोटं न्हाई. खोलीत सगळ्यांच्या माना खाली गेल्या. हरणा मात्र हसली. निम्मं काम तर मीच करतीया, म्हणाली, बाकीचं रंगूनं बघावं. रंगू ताट टाकून परसात जाऊन रडली.

तार मिळाल्यावर मानसिंग आला. एकाहत्तरच्या लढाईत माणसं पडताना बघितलेला गडी, पण बायकोचं मनगट हातात घेतलं आणि त्याला ते सोडवेना. मुंबईला नेऊ का, म्हणाला. ती नको म्हणाली. मग त्यानं विचारलं, तुला काय पाहिजे ते सांग, कुठनं बी आणतो.

"छबूनं मला एकदा आई म्हणावं," ती म्हणाली. "दुसरं काय नगं."

मानसिंग टोपी हातात चुरगाळत उठला आणि आईपुढं जाऊन बसला. त्याला वाटलं होतं, म्हातारी फणकारेल. बनुबाईंनी ऐकून घेतलं, चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि छबूला मांडीवर घेतलं. आजपासून मला आजी म्हणायचं, आणि आत निजलीया ती तुझी आई, असं त्यांनी तिला सांगितलं. मग रोज तोच पाठ. पोर भाकरी मागायला 'आई' म्हणत आली की बनुबाई ऐकलंच नाही असं करायच्या आणि तोंड फिरवून डोळे पुसायच्या. छबू पाय आपटायची, रडायची, आणि शेवटी भुकेपोटी आजी म्हणायची. लेकराच्या तोंडचं आपलं नाव आपल्याच हातानं काढून टाकायला काय लागतं, ते ज्याचं त्यालाच माहीत.

आतल्या खोलीत हरणा हे सगळं ऐकत पडायची. कळा यायच्या, अंगाचं पाणी पाणी व्हायचं, पण कान दाराशी. पोर आज येईल, उद्या येईल. येईल तेव्हा आपण नुसतं हसायचं, रडायचं नाही, म्हणजे भ्यायची नाही, हेही तिनं ठरवून ठेवलं होतं. एवढी आस तिला मानसिंगच्या छुट्टीचीसुद्धा कधी लागली नव्हती.

एका दुपारी रंगू तिच्या केसांना तेल लावत होती. केस राहिले होतेच किती. हरणानं सहज विचारलं, तुला आईची आठवण येते का गं.

"मला आई ठावंच न्हाई, तर आठवण कशाची येणार?" रंगू म्हणाली. "मला तू हुतीस की. लोक आईवेगळी पोर म्हणायचे, तवा मला वाटायचं, दुसऱ्याच कुणाला म्हणत्यात."

रंगूचा हात केसांतून फिरत राहिला. हरणा मागचं आठवायला लागली. खरंच होतं ते. आईमागं रंगू कधी रडली नव्हती. ती आक्काच्या कडेवर वाढली, खेळली, जत्रेत हट्ट करून फुगे घेतले. रडली ती हरणा. आई म्हणायची जिला सवय होती ती. लग्नाच्या मांडवात, छबूच्या वेळच्या बाळंतपणात, मिरजेच्या त्या लोखंडी खाटेवर, जिथं जिथं दुखलं तिथं तिथं हाक ओठापर्यंत आली आणि घ्यायला कुणी नव्हतं. सतरा-अठरा वर्षं झाली, अजून येते. हे आपण छबूला द्यायला निघालो होतो. चार दिवस आई म्हणायला शिकवायचं आणि पाचव्या दिवशी ती आई उचलून न्यायची. आपल्या कानांच्या हौसेपायी. आणि तरीही, खरं सांगायचं तर, ती हाक तिला हवीच होती. आधी हवी होती त्याहून जास्त हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बनुबाई छबूला घेऊन आल्या. पोरीला न्हाऊ घातलं होतं, डोळ्यांत काजळ होतं. मानसिंग दारात उभा राहिला. बनुबाईंनी तिला हलकेच पुढं ढकललं.

छबू खाटेजवळ आली. वैनीचं वाळलेलं तोंड तिनं जरा बिचकून बघितलं आणि म्हणाली, "आईनं सांगितलंय, तुला आता..."

हरणानं तिच्या तोंडावर हात ठेवला. हाताला जोर नव्हता, पण छबू थांबली.

"मी कोण तुजी?"

छबूनं एकदा बनुबाईंकडं बघितलं. कुणी रागावत नाही असं दिसल्यावर हळूच म्हणाली, "वैनी."

"आन् आई कोण?"

पोरीनं बोटानं बनुबाई दाखवल्या.

"तेच बराबर हाय," हरणा म्हणाली. "तसंच म्हणायचं."

छबूला एवढं हलकं वाटलं की ती तिथंच उड्या मारायला लागली. मानसिंग तिला उचलून बाहेर घेऊन गेला. बनुबाई कळवळून म्हणाल्या, अगं पोरी, तूच म्हणालीस ना, मग आता हे काय? हरणानं त्यांचा हात धरला.

"आत्याबाई, तुमी आईच ऱ्हावा. मी गेल्यावर पोरीची आई जिती ऱ्हायला पायजे. वैनी काय, आज हाय, उद्या न्हाई."

बनुबाई खाली खाटेच्या पायाशी बसल्या आणि सुनेच्या पायांवर डोकं टेकून रडल्या. हरणानं ठरवल्याप्रमाणे त्या दिवशी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. त्यानंतर मात्र रोज काढलं. छबू अंगणातून 'आईऽ' म्हणून ओरडली की भिंतीकडं तोंड करून हरणा ती हाक ऐकायची, आणि बनुबाईंच्या आधी तिचे ओठ हलायचे. रंगूनं हे बघितलं होतं. कुणाला बोलली नाही.

उसाला तुरे आले तेव्हा हरणा गेली. मातीला सारा गाव लोटला. बायकांनी अंगण भरलं. कुठल्याशा लांबच्या नात्यातल्या बाईनं छबूला छातीशी घट्ट धरलं आणि गळा काढला, की एवढंसं लेकरू, आईवेगळं झालं गं.

छबूनं अंग सोडवून घेतलं.

"माजी आई हाय की आत," ती म्हणाली. "आमची वैनी गेली." आणि त्या बाईला पटत नाही असं बघून तिनं घराकडं तोंड करून जोरात हाक मारली, "आईऽ!"

सकाळपासून बनुबाई आत तोंडावर पदर घेऊन बसल्या होत्या. त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या, तोंडावरचा पदर बाजूला केला आणि त्यांनी ओ दिली.