चिल्लरच्या बदल्यात संत्रं

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची टोलनाक्यावरची नोकरी मी घालवली. वैर नव्हतं, कुणी फूस लावली नव्हती, प्यायलेलोही नव्हतो. उत्साहात घालवली. माझे बहुतेक गाढवपणाचे उद्योग उत्साहातच झालेले आहेत, पण एरवी घरातले चार दिवस हसायचे आणि विषय संपायचा.

बहिणीचा नवरा वयानं माझ्याहून लहान. तरी आमच्याकडे त्याला जवाईच म्हणायचं आणि अहो-जाहोच करायचं. हे जवाई शेंदूरजनाघाटचे. वडिलांनी लावलेली संत्र्याची बाग. तिकडच्या माणसाला शेती किती म्हणून विचारलं तर तो एकर सांगत नाही, झाडं सांगतो. जवाई दरवर्षी आधीपेक्षा कमी झाडं सांगू लागले. बोअरचं पाणी खाली खाली गेलं. संत्र्याचं झाड एकदम मरत नाही. आधी शेंडा वाळतो, मग एकेक फांदी, आणि झाड मात्र उभंच असतं. त्यामुळे माणूस आणखी एक उन्हाळा वाट पाहतो. जवायांनी असे तीन उन्हाळे वाट पाहिली आणि मग अमरावती-अकोला रस्त्यावरच्या एका नाक्यावर, रोखीच्या खिडकीत पावत्या फाडायची नोकरी धरली.

गाव तिथून लांब. म्हणून आठवडाभर ते भातकुलीला आमच्या घरी राहायचे आणि सुट्टीला गावी जायचे. बहीण तिकडे उरलेली झाडं सांभाळत होती. जवायानं सासुरवाडीत रोज जेवायला बसणं म्हणजे काय असतं ते मला तेव्हा कळलं नाही. ते ताटावर बसले की पोळी वाढायच्या आधीच हात आडवा धरायचे. "बस्स वहिनी, लय झालं." अजून काहीच झालेलं नसायचं. गावाहून येताना न चुकता पिशवीभर संत्री आणायचे आणि दारातच माझ्या बायकोच्या हातात द्यायचे, घरात पाऊल ठेवायचा परवाना काढल्यासारखी.

व्यापारी जे बारीक फळ बाजूला काढतो, ते ते नाक्यावर घेऊन जायचे. नाक्यावर चिल्लरची कायमची मारामार. बाकीच्या खिडक्यांत पाच रुपयांच्या जागी गोळ्या हातावर ठेवायचे आणि ड्रायव्हर शिव्या द्यायचे. जवाई संत्रं द्यायचे. "बारीक हाये भाऊ, पण आपल्या झाडाचं हाये." शिवी देण्यासाठी उघडलेलं तोंड संत्र्याकडे पाहून मिटायचं. मॅनेजरनं पहिल्यांदा दम दिला, मग एक सोलून खाल्लं आणि पुन्हा काही बोलला नाही.

वलगावचा एक फळवाला चाचा होता. पिकअपमधून रोज अकोल्याला माल न्यायचा. तो दुसरी खिडकी मोकळी असली तरी जवायांच्याच रांगेत उभा राहायचा आणि मुद्दाम मोठी नोट काढायचा.

"चिल्लर हाये ना चाचा तुमच्या खिशात. वाजून राहिली," जवाई म्हणायचे.

"है तो सही. देता नहीं. संत्रा निकालो."

"गाडीत एवढी फळं भरली हायेत तुमच्या."

"वो बेचने की हैं, जवाईबापू. खाने का तुम्हारे पास मिलता."

म्हणजे चाचासुद्धा त्यांना जवाईच म्हणायचा. जगात कुठल्या टोलच्या खिडकीला असा मान असेल, मला माहीत नाही.

आता मी. भातकुलीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं. होतं म्हणजे शटर रोज उघडायचो. लोकांच्या हातात फोन आले, फॉर्म फोनवर आले, आणि मी दिवसभर काच पुसू लागलो. अशात गाडीच्या काचेवर चिकटवायचे टॅग आले. गाडी नाक्यातून गेली की वरचं मशीन तो वाचतं आणि खात्यातून पैसे कापतं. हे टॅग विकायला माणसं हवी होती. टॅगमागे दलाली होती. मी एक टेबल, एक लोखंडी खुर्ची आणि बाजारातली मोठी रंगीत छत्री घेऊन थेट जवायांच्या नाक्याशेजारी बसलो.

पहिले काही दिवस वाईट गेले. एकाच लग्नाला निघालेल्या दोन साडूंच्या गाड्यांना मी टॅग लावले आणि अदलाबदल करून लावले. आठवड्यानं त्यातला एक हातात फोन धरून आला. "मास्तर, माही गाडी अंगणात उभी हाये. तिच्याखाली कुत्रं झोपलं हाये. अन् हा फोन म्हणते का ती आत्ता अकोल्याले गेली. कुत्रं घेऊन गेली का?" मी मास्तर नव्हतो कधीच. तो रागात होता म्हणून पदवी देत होता. दुसऱ्या एका जीपला मी टॅग काचेच्या बाहेरच्या बाजूनं चिकटवला, आणि वायपरनं तो पहिल्या पावसात पुसून नेला.

पण मग जम बसला. कारण जवाई. खिडकीतून पावती देता देता ते प्रत्येकाला हात दाखवायचे. "पुढं छत्री दिसते ना, तिथं आमचे साळे बसले हायेत. टॅग लावून घ्या. मंग या रांगेत उभं राहाचं काम नाही." मी छत्रीखालून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, काय माणूस आहे! पुढे करोना आला. लोक नोटेला हात लावायला भिऊ लागले. माझ्या टेबलाशी रांग लागली. मी तोंडावर रुमाल बांधून सांगत सुटलो, नोटेला नाही म्हणा, खिडकीला नाही म्हणा. त्या खिडकीत कोण बसलंय हे मला दिसत होतं. रोज संध्याकाळी तो माणूस माझ्याच मोटारसायकलवर मागे बसून घरी येत होता. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. दुकान नाही तर नाही, आपण काहीतरी चालवून दाखवलं, या सुखात मी होतो. बायकोला साडी आणली. जवायांनाही टॉवेल-टोपी दिली. त्यांनी ती डोक्याला लावून ठेवून दिली.

शेवटी रोख देणारे ओळखीचे तेवढे उरले. त्यात चाचा. त्याला मी तीन महिने पटवत होतो.

"टॅग लगाया तो संत्रा कौन देगा? वो मशीन?"

"मी देतो ना चाचा."

"तुम्हारे पास कहाँ से आया संत्रा?"

घरून डब्यासोबत आणलेलं होतं. जवायांनीच आणलेलं. त्या मोसमात पिशवी निम्मीच भरून आली होती, हे मला बायकोनं सांगितलं होतं. मी ते संत्रं चाचाच्या हातावर ठेवलं आणि तो सोलत होता तोवर त्याच्या काचेवर टॅग दाबून बसवला. चारी कोपरे अंगठ्यानं घट्ट केले. चाचानं खिडकीकडे पाहिलं, जवायांनी तिथून हात हलवला. पुढे कितीतरी गोष्टींची मला लाज वाटली, पण त्या चार कोपऱ्यांइतकी कशाचीच नाही.

त्याच दिवशी मॅनेजर चहा घेऊन छत्रीपाशी आला. बाहेरगावचा माणूस, एरवी खोलीतून फारसा बाहेर न पडणारा, पण स्वभावानं वाईट नव्हता. म्हणाला, "काय, कसं चाललंय?" आता नुसतं बरं चाललंय म्हणायला काय जात होतं? पण मला छाती फुगवायची होती. मी म्हणालो, "साहेब, दुपारपासून पाहून राहिलो, तुमच्या रोखीच्या खिडक्यांवर चिटपाखरू नाही. सगळे माझे टॅगवाले."

"म्हणजे आता एक खिडकी पुरे की हो."

"एकही लय झाली, साहेब!"

तो हसला. मी त्याच्याहून मोठ्यानं हसलो.

तिसऱ्या आठवड्यात जवाई भरदुपारी घरी आले, मला न सांगता, एसटीनं. अंगावरचं चमकणारं जाकीट नव्हतं, ते जमा करून घेतलं होतं. हातपाय धुऊन ताटावर बसले आणि पोळीवर हात आडवा धरून माझ्या बायकोला म्हणाले, "खिडक्या बंद केल्या. एक ठेवली. तिथं जुना माणूस हाये." एवढंच. मी नाक्यावरून घरी आलो तेव्हा त्यांनी कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती.

मी म्हणालो, "थांबा, मी बोलतो."

"राहू द्या ना, भाऊ."

राहू दिलं असतं तर तो मी कसला. दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या खोलीत गेलो. म्हणालो, साहेब, ते माझे जवाई आहेत. तो खरोखर चपापला. "अहो, मग आधी नाही का सांगायचं? मी तर तुमचंच बोलणं वर कळवलं. तिथे काम करणारा माणूसच सांगतोय की एकही खिडकी जास्त झाली, असं." मी म्हणालो, दुसरं काही द्या. दांडा वर-खाली करायचं द्या, झाडायचं द्या. त्यानं खिडकीबाहेर बोट केलं. दांडा आपोआप वर जात होता, खाली येत होता. मी उठलो तेव्हा तो अवघडून म्हणाला, "आणि तुमची छत्रीही, म्हणजे, महिनाअखेरपर्यंत. आता टॅग नसलेलं राहिलंय कोण?"

हे मी घरी सांगितलं नाही. महिना संपेपर्यंत डबा घेऊन निघायचो, नाक्याकडे जायचो, रिकाम्या टेबलाशी बसायचो. गाड्या न थांबता जायच्या. चाचाची पिकअपही. पहिल्या दिवशी त्यानं सवयीनं गाडी हळू केली, काच खाली घेतली, बंद खिडकीकडे पाहिलं. मागच्या ट्रकनं हॉर्न दिला. दुसऱ्या दिवसापासून तोही हळू करेना.

छत्री उचलली त्या आठवड्यात मी शेंदूरजनाघाटला गेलो. माफी मागायची होती. रिकाम्या हातानं बहिणीकडे कसं जायचं म्हणून अमरावतीला हातगाडीवरून पिशवीभर संत्री घेतली. हसू नका. मला वाटलं, यंदा त्यांच्या घरात संत्रं नाही, निदान चव तरी.

बांधावर पोचायच्या आधी करवतीच्या मशीनचा आवाज आला. बागेत खुंट होते. लाकडाचे ढीग लावले होते, आणि कापलेल्या ओंडक्यांना अजून संत्र्याच्या सालीसारखा वास येत होता. मी तो वास घेत उभा राहिलो. फार बरा वाटला, आणि मग तोंड फिरवावं लागलं. लाकूडवाल्याची माणसं ढीग ट्रॉलीत भरत होती. जवाई एका खुंटावर बसले होते. मला पाहून उठले, खुंट हातानं झाडला. "बसा, भाऊ."

मी बसलो. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं, ते मनात जुळवू लागलो.

त्यांनीच विचारलं, "नाक्यावर गर्दी हाये का?"

"आहे."

"माही खिडकी?"

"बंद आहे. काचेवर धूळ बसली."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "सोमवारी पुण्याले चाललो. सोसायटीत वॉचमन. तिथंही गेटच हाये म्हणते. गाड्यायचे नंबर लिहाचे." मशीन पुन्हा सुरू झालं.

घरात बहीण चुलीपाशी होती. पुण्याला ती जाणार नव्हती. सासू अंथरुणाला खिळलेली, म्हैस, आणि कुणीतरी दार उघडं ठेवायला हवं. मी पाटावर बसलो आणि एका दमात म्हणालो, "बाई, मले खरंच माहीत नव्हतं. टॅग लावता लावता त्यायचीच खिडकी बंद होईन, हे डोक्यातच नाही आलं."

"ह्यायले माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"सगळं. तू छत्री लावली त्याच हप्त्यात तिथले लोक बोलत होते. टॅग झाले का खिडक्या जातीन म्हणून."

"मंग मले सांगतलं काहून नाही? उलट गिऱ्हाईक पाठवत होते माझ्याकडं!"

तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. संत्र्याचंच होतं. "तुया घरी जेवत होते ना ते. दोन वर्सं. तुया दुकानात माशी नव्हती. पहिल्यांदा तुया हाताले कायतरी लागलं, तं जेवणाऱ्या माणसानं तुले काय म्हनावं? छत्री मोड म्हनावं?"

मी संत्र्यांची पिशवी पुढे सरकवली. तिनं त्यातलं एक संत्रं काढलं, नखानं साल टोकरली. साल सुटेना. तिनं ते नाकाशी नेलं आणि पिशवीत परत टाकलं.

"हे आपलं नोहे. किन्नू हाये, पंजाबचा."

"हातगाडीवाला तर म्हणाला, आपल्या इकडचं, वरूडचं..."

"दादा, तुले साधं संत्रं समजत नाही," ती म्हणाली, "अन् गेला लोकायले टॅग लावाले."