कुठल्या शिवणीवर?

"डोकं फुटायची पाळी आली," असं आमच्या सरांसमोर म्हणायची सोय नव्हती. ते चष्मा कपाळावर सरकवून लगेच विचारायचे, "कुठल्या शिवणीवर?"

कवटी म्हणजे एकच गोल हाड, असा तुमचा-आमचा समज असतो. ती बरीच हाडं जोडून झालेली असते आणि ही हाडं दातेरी कडांनी जिथं एकमेकांत अडकतात, त्या सांध्याला शिवण म्हणतात. हे ज्ञान सरांनी ज्याला पाजलं नाही, असा माणूस कोल्हापुरात सापडणं कठीण. आम्ही दोघं एकाच कॉलेजात शरीररचना शिकवायचो. घंटा झाली की माझा तास संपायचा, सरांचा रस्त्यावर सुरू व्हायचा.

बारशाला गेले की पाळण्यातल्या बाळाची टाळू चाचपून, "अजून उघडी हाय, भरायला दीड वर्ष लागंल," असं ते गवंड्याच्या थाटात जाहीर करत. बाळाची आई बाळ उचलून आत निघून जायची.

एकदा मी त्यांच्या स्कूटरवर मागं बसलो होतो. सिग्नलला शेजारी एक बोडका मोटरसायकलवाला थांबला. सरांनी त्याच्या कानाच्या वर बोट टेकवलं.

"पावणं, ही शंखास्थी. लई पातळ. हिच्याआड रक्तवाहिनी हाय. हेल्मेट घाला."

"तुमचं काय जातंय?"

"माझं काय जातंय? उलट मला मिळंल की! फकस्त वाकडीतिकडी फोडून आणू नका."

पावणा हिरवा दिवा लागायचीही वाट न बघता पळाला.

पुढं कॉलेजात प्लॅस्टिकच्या कवट्या आल्या. विभागातल्या खऱ्या कवट्या पोरांनी डोळ्यांच्या खोबणीत अंगठे घालून उचलून उचलून मोडल्या होत्या. सर प्लॅस्टिककडे बघायचेसुद्धा नाहीत. "ह्याला शिवणी न्हाईत, नुसत्या रेघा हायत," म्हणायचे. मग त्यांनी घोषणाच करून टाकली, "ह्या टेबलावर माझी कवटी येणार!"

त्यात त्यांची कवटी अपूर्वाईची. कपाळाच्या मधोमध एक उभी शिवण असते, ती बहुतेकांची लहानपणीच मिटते. सरांची मिटलीच नव्हती. तिचा एक्स-रे ते चहाच्या गाड्यावरही उजेडाला धरून दाखवत. लोक अमेरिकेतल्या मुलाचे फोटो दाखवतात तसा.

देहदानाला घरच्यांची संमती लागते. मी अधूनमधून विचारायचो, "सर, वहिनींना सांगितलंत का?"

"सांगतो की! घाई काय हाय?"

पोरांना थरथर कापायला लावणारा हा माणूस, बायकोचा फोन आला की कोपऱ्यात जाऊन "व्हय, व्हय, आणतो," म्हणायचा. आम्ही पोट धरून हसायचो. साऱ्या गावाच्या डोक्याला हात लावणाऱ्या सरांना घरातला हा एक विषय काढायचा धीर झाला नाही. वर्षं तशीच गेली.

गेल्या दिवाळीनंतर सर झोपेतच गेले. मी घरी जाऊन त्यांची देहदानाची इच्छा वहिनींच्या कानावर घातली.

"सगळ्या कोल्हापूरला सांगितलं, मला न्हाय?"

"राहून गेलं असेल, वहिनी."

"ऱ्हाऊन कशानं जातंय? भीत हुते मला. मी काय खाल्लं असतं व्हय?" त्यांनी पदरानं डोळे पुसले. "त्यांनी इचारलं असतं तर व्हय म्हटलं असतं. तुम्ही इचारताय, म्हणून न्हाय म्हणते."

मी संमतीचा कागद घडी घालून परत खिशात ठेवला.

पंचगंगेकाठी शेणींची, म्हणजे गोवऱ्यांची, चिता रचली. शाहूवाडीहून भाऊबंद आले होते. आपल्याकडे कवटी फुटल्याचा आवाज आल्याशिवाय माणसं स्मशानातून हलत नाहीत. सगळे कान देऊन उभे होते. मला सरांचा मनस्वी राग आला होता आणि रडूही आवरत नव्हतं.

आवाज आला.

"फुटली. चला आता," सरांचे थोरले भाऊ म्हणाले.

"कुठल्या शिवणीवर?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ते वळले. "काय म्हणालासा, पावणं?"

"काही नाही," म्हणालो आणि चपला शोधायला लागलो.