पिनेखालची काडेपेटी

दसऱ्याच्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून लेकीच्या लॅपटॉपमधलं कुंकू काढलं. आम्ही दोघांनी एकत्र केलेलं शेवटचं काम ते.

कुंकू बायकोनेच घातलं होतं. मी नाहूरजवळच्या कारखान्यात लेथवर होतो तेव्हा दसऱ्याला मशीनला हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ असायचा. कारखाना बंद झाला, पण हिची पूजा बंद झाली नाही. लेक सॉफ्टवेअरच्या कामाला लागली तेव्हापासून पाटावर लॅपटॉप येऊन बसला. त्या वर्षी हिचा हात जरा सढळ पडला आणि कुंकू बटणांच्या फटीत गेलं. दोन बटणं दाबली की दाबलेलीच राहायला लागली.

मी मशीन उलटं धरलं, ही जुन्या टूथब्रशने झाडत होती.

"हळू गो, बटणं उपटशील."

"तुम्ही नीट धरा. हात कशाक हलता?"

हात हलत नव्हता. हलला असेल तर थोडासा.

लेक समोर बसून हसत होती. मशीन तसंही म्हातारं झालं होतं. बॅटरी पार मेली होती, चार्जर लावलेला असला तरच चालायचं. त्या चार्जरची पिनही ढिली. हिने त्यावर उपाय काढला होता. पिनेखाली काडेपेटी आडवी ठेवायची, वर तिच्या बीपीच्या गोळ्यांची रिकामी पट्टी, आणि वायर जरा भिंतीकडे वळवायची. मग बाजूचा बारका दिवा लागायचा. लेकीला ते जमायचं नाही, ती आईला हाक मारायची.

लेकीची कंपनी लहान, मशीन ज्याचं त्याने आणायचं. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मुलुंडच्या दुकानात नवं घ्यायला जाणार होतो. कुठलं घ्यायचं ते ठरत नव्हतं. लेकीने आम्हाला समजावून सांगितलं, कारण आईला विचारल्याशिवाय तिने कधी चप्पलसुद्धा घेतली नाही.

"एकाची बॉडी झकास आहे, आई. अख्खं धातूचं. कीबोर्ड मस्त, बॅटरी दिवसभर. पण आतली सिस्टीम त्या कंपनीचीच. मी काम करते लिनक्सवर, ती सिस्टीम आपल्याला हवी तशी करून घेता येते. ती यात घातली की कधी आवाज गायब, कधी झाकण मिटल्यावर मशीन परत जागंच होत नाही. दुसऱ्यात लिनक्स एकदम मस्त चालतं, पण बॉडी प्लास्टिकची. वर्षभरात बिजागरी कुरकुरायला लागणार."

मी चौथी शिकलेला माणूस. पण यातलं मला कळतं असं मला वाटलं. मी म्हटलं, "बॉडी बघ. लेथचं खालचं बेड वाकडं असलं तर वर कितीही चांगला कारागीर उभा कर, कातलेला जॉब वाकडाच निघणार."

"बाबा, पण दिवसभर त्या सिस्टीमशी मला भांडायचंय."

"मग भांड. सवय होते."

तेव्हा ही ब्रश थांबवून लेकीला म्हणाली, "तुझ्या बापाशीचा असाच आसा. अंग लोखंडाचा, पण आतली सिस्टीम कंपनीची. इतक्या वर्षांत बदलूक जमली नाय."

"चालतंय ना अजून?" मी म्हटलं.

"चालता. पण ऐकणा नाय."

लेक हसून आडवी झाली. मीही हसलो. मग लेकीने विचारलं, "पण तू सांग ना, कुठलं घेऊ?"

ही म्हणाली, "कल्ला उघडून बघितल्याशिवाय मी बांगडोसुद्धा घेत नाय. उद्या दुकानात झाकण उघडून बघते, बटणं दाबते, मग सांगते."

बाजारात ती दोन बोटांनी माशाचा कल्ला उचलायची आणि वाकून आत बघायची. लॅपटॉपचं झाकणही तसंच दोन बोटांनी उघडायची. दुकानातल्या माणसासमोर ती ते करणार आणि लेक लाजणार, हे मला तेव्हाच दिसत होतं. अजूनही दिसतं. ती काय म्हणाली असती, तेवढं मात्र दिसत नाही.

जेवायच्या आधी ती म्हणाली, पाठीत भरून आलंय. मग घाम फुटला. आम्ही रिक्षा आणली. बोलणं शाबूत होतं तिचं. रिक्षात बसल्यावरही मला विचारलं, "गॅस बंद केलात काय?" मी हो म्हटलं. इस्पितळाच्या दारात उतरवली तोवर ती गेली होती.

हिला घरी आणलं आणि रात्रीच सगळं उरकलं.

सकाळी जाग आली तेव्हा लेक भिंतीला टेकून झोपली होती. हिला जिथे ठेवलं होतं तिथे शेजारणीने दिवा लावला होता, आणि आमची काडेपेटी त्या दिव्याशेजारी पडली होती. लॅपटॉप पाटाजवळ, झाकण उघडं, मशीन बंद. बटणांच्या फटीत थोडं कुंकू राहिलं होतं. घाईत उठताना कोणाचा तरी पाय वायरीत अडकला असणार.

मी काडेपेटी उचलली. पिनेखाली आडवी ठेवली, वर गोळ्यांची पट्टी ठेवली, वायर भिंतीकडे वळवली. मशीनचा बारका दिवा लागेना. पेटी उभी करून बघितली. पट्टी दुमडून बघितली. आयुष्यभर मिलिमीटरच्याही खालचं माप हाताने ओळखलं, आणि ही एवढीशी पिन बसेना. ती वायर किती वळवायची ते मी कधी नीट बघितलंच नव्हतं. ती करायची, मी चहा प्यायचो.

शेवटी काडेपेटी बाजूला सारली आणि पिन बोटाने वर उचलून धरली. दिवा लागला. बोट सैल केलं की विझायचा.

लेक उठेपर्यंत मी तसाच धरून बसलो.