तीन आठवड्यांचा नियम

सिंगापुरात पासिर रिसला आमच्याच ब्लॉकमध्ये एक गृहस्थ दहाव्या मजल्यावर राहतात. आम्ही सहाजण एक ऑनलाइन गेम खेळायचो. त्यात प्रत्येकाने आपलं घर आणि कोठार बांधायचं, सांभाळायचं. गेममधल्या आमच्या वस्तीचे प्रमुख ते. लिफ्टमध्ये भेटले की नमस्काराआधीच सुरू व्हायचे, "हे बघा, तुमचं दार दक्षिणेला नको होतं." बोलताना त्यांचं बोट हवेत नकाशा काढत राहायचं. शिकवायचे मात्र मनापासून.

गेल्या महिन्यात आमच्यातल्या मेधाची नोकरी गेली. इथे राहायचा पास संपत आला, तशी ती हौगांगचा फ्लॅट आवरून नागपूरला परतली. त्या धावपळीत तीन आठवडे ती गेममध्ये फिरकली नाही. प्रमुखांनी तिचं गेममधलं घर पाडलं.

लिफ्टमध्येच मी विचारलं, "मेधाचं घर का पाडलंत?"

"हे बघा, तीन आठवड्यांचा नियम आहे. तेवढे दिवस कुणी फिरकलं नाही की घर पाडायचं."

"तिचं इथलं बिऱ्हाड मोडत होतं. तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं ना. म्हणूनच म्हटलं, आता कशाला येतेय ती. दगड चांगला होता तिचा, सगळ्यांना वाटलाय. तुमचा वाटा कोठारात ठेवलाय."

हे सांगताना ते प्रेमाने हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याच संध्याकाळी मी वस्ती सोडली. माझ्या वाट्याचा दगड घेऊन नदीपलीकडे मेधासाठी दोन खोल्या बांधल्या. ती अजून आलेली नाही. पण ते दार फक्त तिच्याच नावाने उघडतं.