आबांना ओठ वाचता यायचे

आमच्या आबांनी कानात काही सांगितलं तरी ते सुरतच्या गोडादऱ्यातल्या तीन गल्ल्यांना ऐकू जायचं. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. कडोदऱ्याच्या एका लूमखात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, तीस वर्षं काढून त्यांचे कान गेले होते. आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाही येत नसणार, अशी त्यांची समजूत होती. त्यांच्या तोंडी तीळ भिजत नाही, असं आम्ही सगळेच म्हणायचो. घरात सोयरिकीचं बोलणं निघालं की मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, त्यांना दूध आणायला पिटाळायची.

कानांची कसर डोळ्यांनी भरून काढली होती. खात्यात शंभर लूम धडधडत असले की तोंडातला शब्द तोंडापाशीच मरतो, म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचायला शिकतात. आबा तीन ओळींपलीकडच्या कारागिराचं पुटपुटणं वाचायचे. माझ्या सासुरवाडीची माणसं आमचं घर बघायला आली, तेव्हा सासरे जेवताना भावाच्या कानाशी लागले. आबा समोरून गरजले, "वरणमा मीठ जास्त नही शे, पावणा! तुमनी जीभच तशी शे!" सासरे आजही आमच्याकडे मान खाली घालून जेवतात.

आबांचा एकुलता एक मुलगा भूषण इस्रायलला बांधकामावर शटरिंगच्या कामाला गेला. लढाई सुरूच होती, तरी गेला. रोज संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. मोठी आई मोबाइल तांब्याला टेकवून ठेवायची. बोलता बोलता मधेच आवाज जायचा. "नेटवर्क गयं," म्हणून ती भाजी हलवायला उठायची. आबा मात्र स्क्रीनला नाक लावून बसायचे आणि मधूनच आवाज न काढता स्वतःचे ओठ हलवायचे. आबांना नेटवर्क लागतच नाही, अशी आम्ही त्यांची चेष्टा करायचो.

मी टाइल बसवणारा. भूषणच्या मागोमाग मीही तिथल्या कामासाठीची परीक्षा दिली, पास झालो, व्हिसा आला. इथं वर्षभर गुडघे घासून जे मिळतं ते तिथं दोन-तीन महिन्यांत मिळणार होतं. पण टीव्हीवर त्या देशाच्या आभाळात पेटते ठिपके दिसले की मी चॅनेल बदलायचो. एजंटला शुक्रवारपर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं. खरं सांगतो, मी पार टरकलो होतो. आणि गल्ली मला भित्रा म्हणेल याचीही भीती होतीच. बायको रात्री पुन्हा पुन्हा मुलीच्या अंगावर पांघरूण घालत राहायची.

गुरुवारच्या कॉलवर मी भूषणला सरळ विचारलं, "येऊ का रे?"

"ये ना दादा! बिनधास्त ये. आठे काही टेन्शन नही."

तेवढ्यात आवाज गेला. मोठी आई उठली. भूषणचे ओठ हलत होते. आबांनी त्या दिवशी आपले ओठ हलवले नाहीत, फक्त वळून माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते दारात उभे. "चाल, तुले मनं खातं दखाडस." खातं मी वीसदा पाहिलेलं, पण आबांपुढे कोणाचं चालतंय? रिक्षा करून आम्ही कडोदऱ्याला गेलो. जुन्या कारागिरांनी हात हलवले. आबा मला ओढत थेट लूमच्या दोन रांगांमध्ये घेऊन गेले, माझ्या कानाला तोंड लावलं आणि जीव खाऊन ओरडले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आबांना गुपित सांगता येईल अशी सबंध सुरतेत ही एकच जागा होती.

"नेटवर्क जात नही रे! हल्लाना भोंगा वाजना का भूषणच आवाज बंद करस. मायले ऐकू जावाले नको म्हनीसन!"

मग ते चार महिन्यांचं सगळं ओरडून सांगत गेले. आवाज बंद करून भूषण रोज बापाशी बोलायचा. आबा, माले भ्याव वाटस. आबा, आमी जिनाखाल बशेल शेतस. मायले सांगू नका. आणि काल संध्याकाळी: आबा, दादाले येऊ देऊ नका.

ज्यांना आम्ही दवंडीवाले म्हणून हसत होतो, ते हे एवढं पोटात घेऊन जेवत होते, चेष्टा सोसत होते.

"तुम्ही काय म्हणता त्याला?" मी त्यांच्यासमोर ओठ हलवून विचारलं.

आबांनी आवाज न काढता ओठ हलवले. मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा सावकाश हलवले. "मी शे."

मी एजंटला नाही म्हणून कळवलं. मोठ्या आईला सांगितलं, कंबर धरली आहे. गल्लीनं काय म्हणायचं ते म्हटलं.

आबा त्याच हिवाळ्यात गेले. सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचलो नाही. तिकडे विमानं बंद होती, भूषणला येता येईना. आबांना खाली घेतलं होतं आणि मी मोबाइल धरून शेजारी बसलो होतो. भूषण हुंदके देत होता. एकदम आवाज गेला.

"नेटवर्क गयं," मोठी आई रडता रडता म्हणाली.

त्याचे ओठ भरभर हलत राहिले. मी मोबाइल आबांच्या चेहऱ्याशी नेला, ते नाक लावून बसायचे तितका जवळ. आबांचे डोळे मिटलेले. मला तर एक अक्षर वाचता येत नव्हतं. तिकडे भोंगा वाजतो आहे एवढंच कळत होतं. शेवटी मी मोबाइल माझ्याकडे वळवला आणि आवाज न काढता, सावकाश म्हणालो, "मी शे."

भूषण बोलायचा थांबला. त्यानं मान हलवली आणि जिन्याकडे धावला.