कूलरच्या पेटीत बाबांचे हात

आमचा जुना लोखंडी कूलर भंगारात द्यायचा की नाही, यावरून आईचं आणि माझं दर वर्षी वाजायचं. गेल्या हिवाळ्यात मी जिंकले. मोटर, पंखा, गवताच्या जाळ्या सगळं काढून फेकलं आणि उरलेल्या पेटीचं सँडब्लास्टिंगचं कॅबिनेट करायला घेतलं. म्हणजे काय, तर बंद पेटीत गंजलेला पार्ट ठेवायचा, दोन भोकांना बसवलेल्या लांब रबरी हातमोज्यांत बाहेरून हात घालायचे, आणि कॉम्प्रेसरच्या हवेनं बारीक खडा त्या पार्टवर मारायचा. गंज आणि जुना रंग उडून जातो. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मला सगळं येतं असा माझा समज आहे.

हे सगळं बाबांच्या मोटारसायकलसाठी चाललं होतं. ती वऱ्हांड्यात ताडपत्रीखाली कित्येक वर्षं उभी होती. बाबा रांझीला कारखान्यात होते, तेहतीस वर्षं, आणि तीही ब्लास्टिंगच्याच कामावर. मग त्यांनाच का नाही विचारलं, असं कुणीही म्हणेल. पण रिटायर झाल्यावर काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले. आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. एकदा गॅसपाशी त्यांच्या हातून चहाचं भांडं उलटलं, तेव्हापासून त्यांनी कशालाच हात लावला नाही. एवढा कामाचा माणूस, दिवसभर मांडीवर हात ठेवून खुर्चीत बसायचा. मला ते बघवायचं नाही, आणि बघवत नाही म्हणून मी त्यांच्यावरच चिडायचे. काय म्हणावं अशा मुलीला!

आधी मी नर्मदेची वाळू आणली होती. फुकटात मिळाली म्हणून खूश होते. अंगणात चाळत बसले, तर आतून बाबांचा आवाज आला, "वाळू चाळून राहिली का तू? फेकून दे ते. छातीत जाऊन बसते. ग्रिट आण बाजारातून, तयार खडा मिळते."

नुसत्या चाळणीच्या आवाजावरून! मी फणकाऱ्यानं "बरं" म्हटलं, पण ग्रिट आणली.

पेटी झाली. वर खिडकीची काच, आत एलईडीचा दिवा, मागं धूळ ओढायला स्वयंपाकघरातला जुना पंखा. पहिल्या दिवशी मी किक आणि फूटरेस्ट साफ केले आणि घरभर मिरवले. दुसऱ्या दिवशी इंजिनाचं एक छोटं झाकण घेतलं आणि त्याची वाट लावली. पाच मिनिटांत काच धुरकट झाली, मी अंदाजानं मारत राहिले, आणि ॲल्युमिनियमची कड उंदरानं कुरतडल्यासारखी खाऊन टाकली. सदर बाजारातल्या मेकॅनिकनं ते हातात घेऊन उलटसुलट केलं.

"दीदी, ये तो गया. इसका जुगाड़ मैं कर दूँगा, पर बड़ा वाला कवर मत छेड़ना. वो अब कहीं नहीं मिलेगा."

म्हणजे ते मोठं कव्हर बिघडलं की गाडी कायमची ताडपत्रीखाली. एवढं कळत असूनही रविवारी सकाळी मी तेच कव्हर पेटीत ठेवलं. हट्ट, दुसरं काय. एक कोपरा होतो न होतो तोच काच पुन्हा पांढरी. मी कॉम्प्रेसर बंद केला आणि पेटीला लाथ मारली.

बाबा भिंतीला हात लावत लावत वऱ्हांड्यात आले. "काहून ओरडून राहिली?"

"काही दिसत नाही ना!" मी खेकसले. आणि जीभ चावली. कुणाला म्हणत होते मी हे?

ते चक्क हसले. "मला कुठं दिसते? अगं, काच आमच्याकडंही अशीच व्हायची, दोन दिवसांत आंधळी. काचेतून कोण बघते? ऐकायचं असते. दे इकडं."

खरं सांगते, मला द्यायचं नव्हतं. कव्हर एकच होतं हे तर झालंच. पण त्यांच्या हातून ते बिघडलं असतं तर हा माणूस परत कशालाही शिवला नसता, ही भीती जास्त होती. त्यांनी मात्र हात पुढं केला होता, आणि तो मागं घेत नव्हते. मी कव्हर दिलं.

त्यांनी अंगठा कडेवरून फिरवला. "टेप नाही लावली? चलो, आण." बिघडायला नको तेवढी कड त्यांनी चाचपडत टेपनं झाकली. एक सुरकुती राहू दिली नाही. मग कव्हर पेटीत ठेवलं, हातमोज्यांत हात घातले आणि मान बाजूला वळवून कान पेटीकडं केला.

मी बटण दाबलं.

"हा आवाज भरड आहे, ऐक. हा रंग." मला नुसता फुसफुसाट ऐकू येत होता. "आता बारीक झाला. धातू लागला, पुढं सरक." मग एकदम पेटीचा पत्रा खडखडला. "ही कड संपली. वापस." मी डोळे मिटले. आणि आई शप्पथ, मलाही ऐकू आलं! भरड, बारीक, खडखड. तेहतीस वर्षं हा माणूस हे ऐकून घरी येत होता आणि आम्ही त्याला फक्त डब्यात काय देऊ एवढंच विचारत होतो. त्यांचे हात एकदाही अडखळले नाहीत.

"बंद कर," ते म्हणाले.

मी दार उघडून कव्हर उन्हात नेलं. चुलीतल्या कोरड्या राखेसारखं मऊ, पांढुरकं, सगळीकडं एकसारखं. टेप सोलली, तर खालची कड जशीच्या तशी. माझ्या तोंडून शब्द फुटेना. वर्गात साठ पोरांना दरडावणारी मी, कव्हर उन्हात फिरवून फिरवून बघत नुसती उभी.

बाबा पेटीपाशीच उभे होते. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. दोन्ही हात त्यांनी छातीशी घेतले.

"बिघडलं का गं?"

"नाही हो बाबा, नाही!" मी धावत गेले आणि कव्हर त्यांच्या हातात ठेवलं. "काय केलंत तुम्ही हे! असं मी जन्मात पाहिलं नाही." आणि रडायलाच लागले, चांगली हुंदके देऊन.

त्यांनी माझ्याकडं लक्षच दिलं नाही. अंगठा सगळीकडून फिरवला, बोल्टाच्या भोकापाशी थांबले, परत फिरवला.

"इथं बोटभर राहिलं," ते म्हणाले. कव्हर पेटीत ठेवलं, दार लावलं, हातमोजे चाचपून हात आत घातले. "चालू कर. अन् रडायचं असेल तर तिकडं जाऊन रड बेटा, मला ऐकू आलं पाहिजे."