अख्ख्या माळ्याचं चिंगम

घोडपदेवच्या चाळीत तिसऱ्या माळ्यावरच्या मालनकाकूंना कुणी व्यसनी म्हटलं असतं, तर त्यांनी त्याला लाटणं दाखवून जिना उतरवला असता. व्यसन नवऱ्याला, लवूला. तो विडी ओढायचा. आपण तर नुसते मशेरीनं दात घासतो. आता ते दात सकाळी, जेवण झाल्यावर आणि मालिकेतली सून रडायला लागली की पुन्हा घासावे लागत, त्याला काकू काय करणार? त्यांनी तव्यावर तंबाखू भाजायला टाकली की अख्खा माळा खोकायचा.

मग लेक अनुजा बाळंतपणाला आली, तिला मुलगी झाली. तोंडाला मशेरीचा वास असेपर्यंत नातीला घ्यायचं नाही, असं तिनं सांगून टाकलं. काकूंनी अबोला धरून पाहिला. पण नात रडली की हात शिवशिवायचे.

त्याच सुमारास विद्यापीठातली वल्लरी मशेरी कशी सुटते याचा अभ्यास करायला चाळीत आली. चिठ्ठ्या टाकून तिनं बायकांचे दोन गट केले. एकाला तलफ भागवणारं औषधी चिंगम आणि सल्ला, दुसऱ्याला नुसता सल्ला. काकूंना चिंगम लागलं, शेजारच्या रश्मीला कोरडा सल्ला.

पुढच्या खेपेला वल्लरी येते, तर गॅलरीत काकू आणि रश्मी मांडीला मांडी लावून रवंथ करतायत.  रश्मीला दिलं नसतं, तरच चिंगमनं फरक पडतो का ते कळलं असतं, असं वल्लरीनं परत परत सांगितलं.

“एकटीन कसा खावचा गो?” काकू म्हणाल्या. “ती समोर बसलेली.”

काकूंचं नाव अभ्यासातून कटलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला, आता नात कशी मिळणार? वल्लरीनं समजावलं, की नाव गेलं तरी उपचार जात नाहीत. चिंगम आता दवाखान्यातून मिळेल, दोघींनाही, डॉक्टर सांगतील तेवढंच. तेव्हा काकूंनी मशेरीचा डबा तिच्याच पिशवीत कोंबला. संध्याकाळी फोन करून तो जपून ठेवायला सांगितला. डबा स्टीलचा होता म्हणून, दुसरं काही नाही.

अनुजा रोज हवालदारासारखी आईच्या तोंडाचा वास घ्यायची. एका सकाळी तिनं वास घेतला आणि आपली लेक आईच्या मांडीवर ठेवली.

वल्लरी डबा परत द्यायला आली, धुऊन. म्हणाली, “आमचे विद्यापीठातले सर म्हणतात, बायका वाटून खाणारच, तर यापुढे अख्खा माळा एकाच गटात घ्यायचा. वरच्याला चिंगम, खालच्याला नुसता सल्ला.”

काकू नातीला थोपटत होत्या. “मग खालच्या माळ्यान काय घोडा मारल्यान?”